करारमुक्त खेळाडूंची पारख

महोदय,

अमेरिकन फुटबॉलमधील एखाद्या खेळाडूला संघाने करारमुक्त केले किंवा अदलाबदलीत दुसऱ्या संघाला देऊन टाकले, की त्याच्या गुणवत्तेवरच शिक्का मारण्याची जी घाई समीक्षक करतात, ती मला अन्यायकारक वाटते. एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण मानधनावर कमाल मर्यादा असते. त्यामुळे उत्तम खेळणारा, पण महागडा करार असलेला खेळाडूही कधी केवळ हिशेब जुळवण्यासाठी सोडला जातो. प्रशिक्षक आणि डावपेच बदलले की कालचा हुकमी मोहरा अडगळीत जातो, ते वेगळेच.

२०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या बेकर मेफिल्ड या क्वार्टरबॅकला (पास देऊन आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूला) क्लीव्हलँडने २०२२ मध्ये कॅरोलिनाला दिले आणि त्याच वर्षी डिसेंबरात कॅरोलिनानेही मोकळे केले. पुढच्याच हंगामात त्याने चार हजारांहून अधिक यार्डांचे पास देत टॅम्पा बेला गटविजेतेपद मिळवून दिले. कर्ट वॉर्नर या क्वार्टरबॅकला तर ग्रीन बेने १९९४ मध्ये सराव शिबिरातूनच घरी पाठवले होते, आणि काही काळ किराणा दुकानात रात्रपाळीत माल लावणाऱ्या याच गृहस्थाने १९९९ च्या हंगामात सेंट लुईसला सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकून दिला.

सोडलेला प्रत्येक जण वॉर्नर नसतो, हे मान्यच. अनेकांची कारकीर्द तिथेच संपते. तरीही निकाल देण्यापूर्वी त्या खेळाडूपुढची संरक्षक फळी कशी होती, दुखापत कितपत होती आणि करारात किती रक्कम अडकली होती, एवढे तरी आपल्या क्रीडा पानावरील लेखांत नोंदवले जावे, ही विनंती.

— एक क्रीडाप्रेमी वाचक