मे महिन्यात नातवाला तुमच्याकडे आणण्यापूर्वी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या नातवाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे जड जाण्याची अवस्था, असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे तर औषध का सुरू करत नाही, असे तुम्ही फोनवर विचारलेत. आई, तुला मात्र भीती आहे की एकदा गोळ्या सुरू झाल्या की त्या सुटायच्या नाहीत. सुट्टी लागली की तो तुमच्याकडे राहायला येणार आहे, म्हणून दोघांनाही सविस्तर लिहीत आहे.

त्याला अजून सहा वर्षे पूर्ण व्हायची आहेत. या वयात पहिला उपचार म्हणजे मुलाशी कसे वागावे याचे आईवडिलांनी रीतसर प्रशिक्षण घेणे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात आणि आमच्या डॉक्टरांनीही तोच मार्ग सुचवला. सहा वर्षांनंतर औषध आणि वर्तनोपचार या दोन्हींची शिफारस आहे. १९९९ साली तिथेच ५७९ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने मूळ लक्षणे नुसत्या वर्तनोपचारापेक्षा जास्त कमी झाली होती. त्यामुळे आम्ही औषधाला कायमचा नकार दिलेला नाही. पहिलीत गेल्यावरही त्याचे शिकणे आणि मित्र जोडणे अडत राहिले, तर आम्ही गोळीला नाही म्हणणार नाही, आणि आई, ती गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवताही येते. तोवर ब्राह्मीचा काढा किंवा कुणी आणून दिलेली पुडी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस.

हा लाडांचा परिणाम नाही, कुणाची दृष्ट लागलेली नाही, आणि गोड खाण्यामुळेही हे झालेले नाही; साखरेने मुले चंचल होतात हा समज काटेकोर प्रयोगांत टिकलेला नाही. हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे आणि तो बराचसा आनुवंशिक असतो. काय करायचे ते त्याला ठाऊक असते, पण त्या क्षणी स्वतःला आवरणे त्याच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा त्याला फार जड जाते. म्हणूनच सकाळच्या गोष्टीवर संध्याकाळी ओटीवर बसवून केलेला उपदेश त्याच्या उपयोगी पडत नाही. मदत जिथे लागते तिथे आणि तेव्हाच द्यावी लागते.

‘हातपाय धू, कपडे बदल आणि जेवायला ये’ असे स्वयंपाकघरातून सांगितले, तर तो हातपाय धुवायला जातो आणि तिथेच पाण्याशी खेळत राहतो. आता आम्ही जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून एकच गोष्ट सांगतो आणि ती झाली की लगेच, ‘चपला जागेवर ठेवल्यास, छान केलेस’ असे नेमके नाव घेऊन कौतुक करतो. सकाळच्या कामांची चित्रे दाराशी लावली आहेत. संध्याकाळी त्याचे बाबा त्याला भाट्याच्या पुळणीवर धावायला नेतात आणि झोपेची वेळ आम्ही सहसा चुकवत नाही. काही दिवस हे सारे करूनही कोलमडतात, तो वस्तू फेकतो, आणि तेव्हा आवाज न चढवणे हेच आमच्यासाठी सर्वांत कठीण काम असते.

बाबा, गेल्या वर्षी अढी घालताना तुम्ही त्याला एकेक आंबा दोन्ही हातांनी उचलून तुमच्या हाती द्यायला सांगितले होतेत आणि प्रत्येक वेळी ‘नीट धरलास’ म्हणत होतात. टोपली रिकामी होईपर्यंत तो जागचा हलला नाही. प्रशिक्षणात आम्हाला जे शिकवले, ते तुम्ही न सांगता केले होते. यंदाही असेच काम त्याच्याकडे असू द्या. आई, आरतीला त्याला शांत उभे राहायला सांगण्यापेक्षा त्याच्या हाती झांज दे. शेजारी कुणी ‘फारच वांड आहे हो’ म्हणाले, तर त्याच्यासमोर तो विषय वाढू देऊ नका, आणि भावंडांशी त्याची तुलना तर मुळीच करू नका, कारण तो ते सारे ऐकतो आणि रात्री मला विचारतो.

एक काम आम्ही येण्याआधीच व्हायला हवे. अशी मुले विचार करण्याआधीच धावतात आणि त्यांना अपघात अधिक होतात, म्हणून बाबा, विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घ्या. खर्च मी पाठवते. समुद्रावर त्याला नुसत्या मुलांबरोबर पाठवू नका, कुणीतरी मोठे माणूस हाताच्या अंतरावर असलेच पाहिजे. जाळी बसली की कळवा, म्हणजे त्यानंतरच्या रविवारी आम्ही निघतो.

तुमची लेक