मागच्या खोल्यांबद्दल

पुणे, फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई लगेच मेथीच्या भावावर येते, म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावून वाचा, आणि आईला वाचून दाखवताना मधल्या ओळी गाळू नका.

आपल्या कोल्हापूरच्या घराच्या मागच्या दोन खोल्या यापुढं भाड्यानं द्यायच्या नाहीत. दादाचं आणि माझं बोलणं झालंय, आणि तिथं राहणाऱ्या दोन्ही पोरींना मी सांगूनही टाकलंय. त्यांचा करार मे अखेर संपतोय. तोवर परीक्षा उरकतील, त्यांना मध्येच कुणी हलवणार नाही. एकीची सोय मैत्रिणीकडं झालीय, दुसरीसाठी विद्यापीठाकडच्या बाजूला खोली बघतेय. आई, तुला न विचारता सांगितलं हे तुला लागलं असणार. पण मागच्या खेपेला विचारलं होतं तेव्हा "यंदाचं वर्ष जाऊ दे" म्हणालीस, आणि वर्ष जातंयच.

पावसाळ्यात करार करायला तो एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला होता, तेव्हा मी घरीच होते. बाबांचा अंगठा काही केल्या उठेना. त्यानं काच पुसली, बोटं बदलून बघितली, मग म्हणाला, "काका, अंगठा जरा डोक्यावरनं फिरवा, तेल लागलं की येतंय." बाबांनी मुकाट्यानं अंगठा टकलावर घासला. उद्यमनगरात लेथवर जन्म गेला, त्या बोटांवर रेषा राहतीलच कुठं? त्या दोन पोरी हसू दाबत होत्या, एजंट घड्याळ बघत होता, आणि बाबा उगाच त्याला "सॉरी हां" म्हणत होते. स्वतःच्या घरात! मला ते बघवलं नाही. दर वर्षी, आणि प्रत्येक खोलीला वेगळं, हेच सगळं परत करायचं.

बाबा म्हणणार, पूर्वी नोटरीवर भागत होतं. भागत होतं कारण कुणी विचारत नव्हतं. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि तेव्हापासून करार लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि भांडण झालंच तर अटी काय ठरल्या होत्या यात भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, उलटं सिद्ध करायचं काम आपलं. शिवाय पोलिसांचा आदेश असला की भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरायची, फोटो आणि ओळखपत्रासकट. राहिली तर गुन्हा मालकावर. मालक म्हणजे कागदावर बाबा. मी पुण्यात बसून फॉर्म भरीन, पण चौकशीला कुणी आलं तर दार उघडायला तुम्हीच.

हे नियम वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मी स्वतः इथं भाडेकरू आहे, नोंदवलेला करार हातात पडल्याशिवाय मी या फ्लॅटमध्ये गादीसुद्धा आणली नव्हती. पण वीस फ्लॅट भाड्यानं देणाऱ्याकडं कारकून असतो, आपल्याकडं आईची बिस्किटाच्या डब्यातली फाईल आहे. पाव टक्का स्टॅम्प, हजार रुपये नोंदणी, वर एजंटाचं वेगळं, हेही प्रत्येक कराराला. पैशाचं एक वेळ सोडा, डोक्याला ताप किती!

दादाकडं तर गंमतच झालीय. येत्या १ मेपासून इंग्लंडात मालकाला कारण दिल्याशिवाय घर खाली करून घेता येणार नाही. दादाला कायदा एकदम पटलाय, भाडेकरू तोच ना. पण त्याच्या मालकीणबाईंचं ते एकच जादा घर, वय झालेलं, त्यांनी "आता हे माझ्याच्यानं होत नाही" म्हणून विकायलाच काढलं. म्हणजे बाजू त्याची धरली आणि घर त्यालाच शोधावं लागतंय. काळजी करू नका, मिळालंय त्याला दुसरं. (आई, तो जेवतो व्यवस्थित. वहिनीला विचार.)

आता बाबांचा पुढचा मुद्दा मी इथूनच ऐकतेय. हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आल्यापासून खोल्यांना मागणी आलीय, भाडी वाढलीत, आणि आत्ताच बंद करायचं? खरं आहे. १८ ऑगस्टला काम सुरू झालं तेव्हापासून सहा जिल्ह्यांची माणसं सीपीआर दवाखान्यासमोरच्या कोर्टात येतायत, आणि समोरच्या काकांनी वकिलालाच खोली दिलीय. ती त्यांची हौस. आपल्या घरानं वकील भाडेकरू ठेवावा असं कुणाला वाटत असेल तर त्यानं तिकटीवरच्या गाळ्याचं भांडण आठवावं. आण्णांचे शेवटचे दिवस त्यातच गेले, मी जास्त लिहीत नाही.

पैशांचं असं ठरलंय: दोन्ही खोल्यांचं जेवढं यायचं तेवढं दर महिन्याच्या ५ तारखेला बाबांच्या खात्यात जमा होईल, निम्मं माझं, निम्मं दादाचं. जूनपासून सुरू. आई, हे पैसे "पोरांचे" म्हणून वेगळे बांधून ठेवायचे नाहीत. भाड्यातून जे जे भागत होतं ते ते त्यातूनच भागवायचं.

आणि मागच्या खोल्या तुमच्याच आहेत. जूनमध्ये रजा काढून येते. तुमचा पलंग खाली आणायचा, शेवग्याच्या बाजूच्या खोलीत. सकाळी ऊन येतं तिथं, पेपर वाचायला बरं. मोरीत कमोड बसवायचा, भिंतीला धरायला दांडा, फरशी घसरणारी नको. देव वरच राहू देत असं आई म्हणेल. तर आई, देवही खालीच. गुडघे घेऊन दिवसातून चार वेळा तो जिना चढायचा नाही. आंबाबाईला चालेल, मी तिला सांगितलंय.

सगळ्यात अवघड राहिलंच. पोरी गेल्या की घर खायला उठेल, हे मला कळतं. बाबांना गरगरलं त्या रात्री त्यातलीच एक अनवाणी तिकटीपर्यंत पळत गेली आणि रिक्षा घेऊन आली. मी इथं नुसती फोन धरून उभी होते. तिचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही. म्हणून शेजारच्या वहिनींकडं एक किल्ली दिलीय आणि त्यांच्या घरात वाजणारी बेल तुमच्या उशाशी बसवायला सांगितलीय. मी दर दुसऱ्या शनिवारी येणार. आणि पोरींना रविवारी जेवायला बोलवा की! थालीपीठ खायला आलेल्या पाहुण्यांचा करार नोंदवावा लागत नाही.

बाबा, परवा इथं एक माणूस पोराला सायकलच्या नळीवर बसवून चालला होता. तुम्ही मला तसंच गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला न्यायचात. मला तो फेस नकोसा व्हायचा, तुम्ही टॉवेलच्या टोकानं माझं नाक पुसायचात आणि उरलेलं दूध गपकन पिऊन टाकायचात, घरी मात्र आईला "सगळं प्याली" म्हणून सांगायचात. आता गोळ्यांचंही तसंच चाललंय असा मला संशय आहे. बीपीची गोळी सकाळी, नाश्त्यानंतर, रोज. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. आई, रिकामं पाकीट मला फोनवर दाखवायचं.

मे अखेर खोल्या सोडतील तेव्हा डिपॉझिट पूर्ण परत द्या. भिंतीला खिळे मारले म्हणून कापायचं नाही. खोली ताब्यात मिळाली आणि डिपॉझिट पोचलं असं दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या. तोंडी नको, बाबा. मीटरचा फोटो काढून ठेवा.

रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला.

तुमची,
सुमी

ता. क. गल्लीत कुणी "खोली आहे का" विचारलं तर "पोरीला विचारून सांगतो" म्हणायचं नाही. "नाही" म्हणायचं. आणि दारावरची ती "खोली भाड्याने देणे" पाटी बाबांनी परत लावायला म्हणून माळ्यावर जपून ठेवलीय, ती रद्दीत घाला.