मेट्रोचे डबे एकत्र का घेत नाही?

मुंबईच्या पहिल्या मेट्रोचे डबे चीनचे, मेट्रो २अ आणि ७चे बेंगळुरूच्या बीईएमएल कंपनीचे, मेट्रो ३चे आंध्रातल्या श्रीसिटीत बांधलेले. नागपूरचे पुन्हा चीनचे, पुण्याच्या पहिल्या दोन मार्गांचे टिटागढ कंपनीचे. रुळांमधले अंतर मात्र सगळीकडे तेच, १४३५ मिलिमीटर. दर खेपेला नवा आराखडा, नव्या चाचण्या, सुट्या भागांचा वेगळा साठा. हा खर्च तिकिटातून आणि करातून आपणच भरतो. लोकलच्या २३८ वातानुकूलित गाड्यांसाठी एकच निविदा काढता येते, मग मेट्रोसाठी का नाही? राज्याने दारे, जोडण्या, ब्रेक यांची मापे एकदा ठरवावीत आणि निविदा जोखताना डब्याच्या किमतीबरोबर तीस वर्षांची देखभालही मोजावी.

– एक नियमित प्रवासी, ठाणे