विमान रंगवण्याआधी त्याचा नंबर टिपून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ या लढाऊ विमानाने वायुसेनेचा निरोप घेतला. १९६३ पासून सेवेत असलेली ही विमाने आता चौकांत, शाळांच्या आवारात, हुतात्मा स्मारकांजवळ उभी राहतील. सातारा-सांगलीच्या गावागावांतून तशी मागणी होणे साहजिक आहे आणि ती व्हावीच. पण विमान आणायचे ठरले की आधी चौथऱ्याचा आणि उद्घाटनाचा विचार होतो. विमान नेमके कोणते, त्याने काय केले, ते टिकणार कसे, हे कोणी विचारत नाही.

सगळी मिग-२१ एक नव्हेत. १९७१च्या युद्धात गाजला तो मिग-२१चा एफएल हा प्रकार, म्हणजे टाइप ७७. तो डिसेंबर २०१३ मध्येच निवृत्त झाला. आता निघालेली बायसन म्हणजे नंतरच्या 'बिस' (टाइप ७५) या प्रकाराची सुधारून घेतलेली विमाने. बिस आपल्याकडे आली सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. तेव्हा बायसनपुढे '१९७१च्या युद्धातील विमान' अशी पाटी लावली तर ती सरळ खोटी ठरते. फरक उभ्या उभ्या कळतो. एफएलची कॉकपिटमागची पाठ सडपातळ असते, बिसची फुगीर, शिवाय पोटाखाली दुनळी तोफ. नॅट हे छोटे लढाऊ विमान आणि त्याचीच भारतात सुधारलेली आवृत्ती अजीत यांचीही अशीच गफलत होते: नॅटच्या पंखांखाली बॉम्ब वगैरे टांगायच्या जागा दोन, अजीतच्या चार.

विमानाची खरी ओळख म्हणजे त्याचा नंबर. मागच्या धडावर रंगवलेला तो सैन्याचा नंबर. कारखान्याचा नंबर वेगळा, तो छोट्या धातूच्या पट्टीवर ठोकलेला असतो. ही पट्टी कॉकपिटच्या कडेला, सीटमागे किंवा चाकांच्या खोबणीत शोधावी. इंजिनाची पट्टी निराळी, तिच्यावर विसंबू नये. ओव्हरहॉलच्या, म्हणजे पूर्ण दुरुस्तीच्या, वेळी इंजिने, पंख, दारे एका विमानाची दुसऱ्याला लागतात, म्हणून एखाद्या झाकणावर सापडलेला नंबर साऱ्या विमानाचा धरता येत नाही. धडाची पट्टी आणि रंगवलेला नंबर, दोन्हींचा नोंदींत मेळ बसला तरच खात्री धरावी.

२०१८ मध्ये ब्रिटनहून दुरुस्त होऊन आलेल्या 'परशुराम' या डकोटा मालवाहू विमानावर व्हीपी ९०५ हा नंबर आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला पहिले सैनिक नेणाऱ्या डकोटाचा तो नंबर. सन्मान म्हणून तो रंगवला आहे, विमान मूळचे दुसरे आहे. त्यात गैर काही नाही, कारण त्याची नोंद आहे. नोंद न करता असे केले तर वीस वर्षांनी त्याचा उलगडा कोण करणार?

दरवर्षी २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट जवळ आला की चौथऱ्यावरच्या विमानाला ऑइल पेंटचा नवा हात बसतो. जुना नंबर, स्क्वाड्रनचे (वायुसेनेच्या तुकडीचे) चिन्ह, सूचनांची बारीक अक्षरे, सगळे त्याखाली जाते. रंगाऱ्याला बोलावण्याआधी एका संध्याकाळचे काम करावे. अंधार पडला की टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश पाडावा. वरच्या रंगाखालच्या जुन्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. शेजारी फूटपट्टी धरून फोटो घ्यावेत. तेवढ्याने भागले नाही तर हातभर जागेत ४०० नंबरचा, मग ६०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून हलक्या हाताने फिरवावा आणि प्रत्येक थर दिसताच फोटो काढावा. कोरडे घासू नये. जुन्या पिवळट-हिरव्या प्रायमरमध्ये क्रोमेट असते, त्याची धूळ विषारी. मास्क आणि हातमोजे हवेतच.

रंगानेही विमाने मरतात. पोटाखाली पेन्सिलीच्या टोकाएवढी निचऱ्याची भोके असतात. रंगाने ती बुजली की पावसाचे पाणी आतच राहते आणि पत्रा आतून फुगतो. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली, तर तो अॅल्युमिनिअमचा गंजच. भोके लाकडी काडीने मोकळी करावीत, ड्रिलने नव्हे. तारेचा ब्रश तर लावूच नये. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच गंज धरतो. नायलॉनचा घासा चालतो. ऑइल पेंट थेट अॅल्युमिनिअमवर टिकत नाही, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. आधी इपॉक्सी प्रायमर हवा.

चाके काँक्रीटमध्ये गाडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. सिमेंटचा क्षार आणि ओल दोन्ही मिळून अॅल्युमिनिअम खातात. जुन्या विमानांच्या चाकांचे हब मॅग्नेशियमचे असतील तर ते त्याहून लवकर जातात. मिग-२१चे रिकामे वजन सुमारे साडेपाच टन. हा भार जॅक लावायच्या मूळ जागांवर लोखंडी घोड्यांनी (स्टँडनी) तोलावा, टायर नुसते टेकलेले असावेत. लोखंड आणि अॅल्युमिनिअम जिथे भेटते तिथे मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा रबराची पट्टी घालावी. हवा घेणारी तोंडे जाळीने बंद करावीत, नाहीतर साळुंक्या घरटी करतात आणि बारीक नळ्यांत कुंभारमाशी माती भरते. कॉकपिटची काच खरे तर अॅक्रिलिक असते. थिनर, पेट्रोल, अमोनियाचे क्लीनर यांनी तिला जाळीदार तडे जातात. साबणाचे पाणी आणि मऊ सुती कापड पुरे. निळी ताडपत्री घट्ट बांधू नये, आत घाम धरतो. आणि संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटमधली काडतुसे काढल्याचा लेखी दाखला हातात आल्याशिवाय कोणालाही आत बसवू नये. जुन्या विमानांच्या काळोखात चमकणाऱ्या डायलमध्ये रेडियम असू शकते, ते उघडू किंवा खरवडू नयेत.

इतिहास मात्र विमानापेक्षा घरांतल्या ट्रंकांत जास्त आहे. वैमानिकाच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, प्रत्येक उड्डाणापुढे तारीख, विमानाचा प्रकार आणि नंबर असतो. फिटर, रिगर, आर्मोरर (शस्त्रे सांभाळणारा) अशा जमिनीवरच्या कामांत वायुसेनेत राबलेल्यांच्या ग्रुप फोटोत मागे विमानावरचा नंबर दिसतो. एका नंबरावरून स्क्वाड्रन आणि तळ हाती लागतो. भारतीय बनावटीचे पहिले प्रशिक्षण विमान एचटी-२ (१९५१) घडवणारे डॉ. वि. मा. घाटगे आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. या भागात अशी कागदपत्रे असणारच.

२००५, २०१९ आणि २०२१च्या पुरांत सांगलीत अनेक घरांतले कागद भिजले. वाचलेले आज झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट केले जातात. तसे करू नये. उष्णतेने फोटो चिकटतो आणि पुन्हा सुटत नाही. ६०० डीपीआयवर स्कॅन करावा, मागची बाजूही, कारण नावे आणि तारीख तिथेच पेनाने लिहिलेली असते. भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो ओढू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून आपोआप सुटू द्यावेत आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवावेत. लॉगबुकाची शाई मात्र पाण्यात उतरते, म्हणून ते पाण्यात घालू नये. दर काही पानांनंतर टीपकागद ठेवून पंख्याखाली वाळवावे आणि टीपकागद ओला झाला की बदलावा.

आपले,
जुन्या विमानांच्या नोंदी ठेवणारे काही वाचक, सांगली