भत्ता वाढला, दिवसांचे काय?

होमगार्ड जवानांच्या भत्त्याविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात त्यांचा दिवसाचा भत्ता ५७० वरून १०८३ रुपये झाला, याचे स्वागतच आहे. पण तो मिळतो बोलावणे आले त्याच दिवसाचा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये या जवानांना सेवेत कायम करण्यास नकार दिला. मात्र महिन्याचा भत्ता पोलिसांच्या किमान वेतनाइतका होईल असा दर ठेवा, असेही राज्यांना सांगितले. दर वाढला, महिना भरेल इतके दिवस मात्र मिळाले नाहीत.

गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या सुरू झाल्या की बहादूरशेख नाक्यावर भर पावसात शिट्टी वाजवत होमगार्ड उभा असतो. विसर्जन आटोपले की तोच परत कलमांच्या बागेत मजुरीला किंवा रिक्षावर. अशा बेभरवशाच्या मिळकतीवर घर कसे चालायचे?

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, तळियेवर दरड कोसळली. अशा वेळी बाहेरची पथके येईपर्यंत गावची वाट माहीत असलेली, प्रशिक्षित माणसे तालुक्यातच हाताशी हवीत. ती आपल्याकडे आहेत. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर होमगार्डना सलग कर्तव्य द्यावे आणि काही जणांना तहसीलच्या आपत्ती कक्षात नेमावे. कर्तव्यावर जखमी झालेल्याला रुग्णालयाचे बिल आधी स्वतःच्या खिशातून भरावे लागू नये, एवढी तजवीजही पावसाळ्यापूर्वी व्हावी.

– एक वाचक, चिपळूण