पडवीत टेकलेल्या सिस्टरना

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे आलाच नव्हता. शेजारच्या बाळंतिणीला पाहून साखळीला परत निघालात आणि सर आली म्हणून आमच्या पडवीत टेकलात. सासऱ्यांच्या पायाला चोळायला मी खोबरेल तेल कोमट करून आणलं होतं. फ्लूचा ताप उतरून चार दिवस झाले होते. उजवी पोटरी तेवढी दुखत होती. दहा दिवस पडून पाय आखडला असेल, असं मी धरून चालले होते.

तुम्ही माझा हात धरलात. "चोळू नका." माझी शिवणाची टेप मागून घेतलीत, दोन्ही पोटऱ्या मोजल्यात. उजवी चार सेंटीमीटर जास्त भरली. मग विचारलंत, "बाबा, दम लागतो?" "न्हाणीपर्यंत जाताना लागतो," ते म्हणाले. आम्हाला घरात हे ठाऊकच नव्हतं! तुम्ही तिथूनच 108 ला फोन केलात.

गाडी येईपर्यंत तुम्ही सांगितलेलं मी आता भेटेल त्याला सांगते. विषाणूशी झुंजताना शरीरात दाह होतो, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, रक्त साकळायला टेकतं. त्यात माणूस पडून राहिला की पायातलं रक्त संथ होतं. कोविडमध्ये हे फार दिसलं, पण फ्लूमध्येही होतं. पायातली गुठळी सुटली तर हृदयातून थेट फुफ्फुसात जाऊन अडकते. म्हणून चोळायचं नाही.

बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात डॉप्लर सोनोग्राफीत, म्हणजे शिरेतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणाऱ्या तपासणीत, पायाच्या खोल शिरेत गुठळी दिसली, सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसातही एक लहानशी. आधी पोटाच्या कातडीखाली हेपॅरिन या रक्त साकळू न देणाऱ्या औषधाची इंजेक्शनं, मग किमान तीन महिने 'रक्त पातळ करणाऱ्या' म्हणतात त्या गोळ्या. या गोळ्यांनी रक्त काही पातळ होत नाही, नवी गुठळी धरायची थांबते आणि जुनी शरीरच हळूहळू विरघळवतं, हे तुम्ही नंतर फोनवर समजावलंत. या गोळ्यांनी कुठे रक्तस्राव तर होत नाही ना म्हणून हिरड्यांतून रक्त येतं का, शौचाला काळं होतं का, तेही दर आठवड्याला विचारत राहिलात. अंगदुखीची गोळी मनाने द्यायची नाही, हे तर दोनदा बजावलंत. बाबांची मुलगी असती तरी याहून काय केलं असतं?

तुम्ही त्या दिवशी साधा चहाही घेतला नाहीत, याची मला अजून रुखरुख आहे.

रात्री बांबोळीहून ह्यांचा फोन आला, "बाबा बोलताहेत." वाटीतलं ते तेल तसंच होतं. मी ते देवापुढच्या समईत ओतलं.

तुमची,
त्या पडवीच्या घरची सून