मृत्यूच्या नोंदीत ‘मजूर’ झालेल्या कास्तकाराबद्दल

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

माझे बाबा गेले त्या सकाळी त्यांना निजवायला घरात जागा नव्हती. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. डिसेंबर 2024, दुसरा वेचा नुकताच आटोपला होता. शेजारच्या चौघांनी ढीग मागे रेटला तेव्हा कुठे चटई पसरता आली. तेरवीपर्यंत भेटायला आलेली माणसं त्याच ढिगाला टेकून बसली आणि उठताना पाठीचा कापूस झटकून गेली.

वय 63. छातीत कळ आली आणि गाडी मिळेपर्यंत सारं संपलं. बाबांनी आत्महत्या केलेली नाही, हे मुद्दाम लिहिते. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, वणा नदीच्या बाजूला. इकडचा कास्तकार गेला म्हटलं की बाहेरचा माणूस आधी तेवढंच विचारतो.

मृत्यूची नोंद करताना भावाला विचारलं, व्यवसाय? तो म्हणाला, शेती. सातबारा कोणाच्या नावानं? मालकाच्या. मग ‘मजूर’ लिहिलं गेलं. लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्या हाती तेवढेच कागद होते. पण साहेब, बाबांनी 29 वर्षं मक्त्यानं वावर केलं. पाडव्याला मालकाला एकरी पैसे मोजायचे, मग पाऊस पडो न पडो, नफा-नुकसान सगळं आपलं. बियाणं उधारीचं, फवारा आपला, जागल आपली. रानडुकरं आणि रोही म्हणजे नीलगायी यांच्यापायी दिवाळीपासून होळीपर्यंत ते घरी झोपलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. मजुराला निदान संध्याकाळी मजुरी मिळते.

आता थोडं त्यांच्याबद्दल. तुमच्या खात्यात याला रकाना नाही, तरी वाचा.

मी सात वर्षांची असताना तान्ह्या पोळ्याला मला बैल हवा होता. गल्लीतले पोट्टे लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा मागत हिंडत. काकू म्हणाली, पोरीले कायचा पोया? बाबांनी बाभळीच्या ओंडक्याचा बैल केला, एक शिंग आखूड राहिलं, चाकं तुटक्या रिळांची. मला पुढे घालून म्हणाले, “बैल काय पोरगा-पोरगी पाह्यते काय?” त्या वर्षी मला सव्वाअकरा रुपये मिळाले होते. बैल अजून आहे, शिंग मात्र दोन्ही गेलीत.

आईची बोटं संधिवातानं वळली, तेव्हापासून पहाटेची कणीक बाबा मळत. चार वाजता उठून भाकरी थापायच्या, आलू-वांग्याची भाजी टाकायची, आईचा डबा, आमचे डबे आणि मग वावर. पारावर लोक हसायचे. बाबाही त्यांच्याबरोबर हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजता उठायचे. भाकरी त्यांची जाडच व्हायची, हेही सांगते.

त्यांची एक वही होती, लाल कापडी बांधणीची. डाव्या पानावर वावर: बियाणं 4 थैल्या, डीएपी, निंदणाच्या बाया, डवऱ्याच्या बैलजोडीचं भाडं. उजव्या पानावर घर: मोठीची फी, आईचं औषध, लहान्याची चप्पल. दोन्हींची बेरीज खाली एकच. मी एसटीत वाहक झाले त्या महिन्यात उजव्या पानावर ‘मोठी – जमा’ असं लिहिलंय आणि पुढे आकडा नाही. मी पैसे देत होते, ते घेत नव्हते. लिहून मात्र ठेवलं.

2017 साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे उभं कापसाचं पीक, गेली. भरपाई आली ती मालकाच्या खात्यात. मालक नागपूरला राहतात, वाईट माणूस नाही, दिवाळीला आईसाठी साडी पाठवली. केंद्राच्या किसान सन्मानचे वर्षाला 6,000 आणि त्यावर राज्याचे 6,000, दोन्ही त्यांनाच. कर्जमाफी 2017 ला झाली, 2019 ला झाली, बाबांना बँकेनं कधी कर्जच दिलं नव्हतं. ते सावकाराचं आणि कृषी केंद्राचं, म्हणजे खत-बियाण्याच्या दुकानाचं, देणं फेडत राहिले. मोबाइलवरून पिकाची नोंद करायची ई-पीक पाहणी आली तेव्हा भावानं मोबाइलवर उभ्या पऱ्हाटीचा फोटो काढून मालकाच्या गटावर चढवला. कडेला बाबांचे पाय आले होते, म्हणून दुसरा काढला.

मक्त्याचा कागद का केला नाही, असं तुमचे अधिकारी विचारतील. मालकाला कूळ लागायची, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल याची, भीती. विदर्भाला कुळांचा वेगळा कायदा आहे, 1958 चा. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणूनच तो झाला. आज त्याच कायद्याच्या धाकानं मालक कसणाऱ्याचं नाव कुठेच येऊ देत नाही. दर दोन-तीन वर्षांनी वावर बदलायला लावतो. बाबांनी नऊ वेगवेगळी वावरं केली. एखाद्याचे दगड वेचून, धुरे नीट करून ते हाताशी आलं की सोडायचं. आई चिडायची. बाबा म्हणायचे, “वावर कोनाचंई असो, पऱ्हाटी त आपली हाय.”

ती पऱ्हाटी आपली असल्याचं सिद्ध करता आलं नाही, ते तेरवीनंतर. खोलीत 22 क्विंटल कापूस होता. लांब धाग्याला त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 7,521. खरेदी केंद्रावर सातबारा मागतात, त्यावर पीकपेरा, म्हणजे पेरलेल्या पिकाची नोंद, लागतो. मालकाला फोन केला. ते म्हणाले, माझ्या नावावर आधीच दुसऱ्या मक्तेदाराचा माल गेला. खेडा खरेदीवाल्यानं दारात वजन करून 6,800 लावले. घर रिकामं झालं त्या रात्री आई म्हणाली, लयच मोठी वाटते खोली.

मी तुम्हाला मदत मागत नाही. माझी नोकरी आहे, भाऊ हिंगणघाटला जिनिंगमध्ये जातो. माझं मागणं एका रकान्याचं आहे आणि ते नवंही नाही. जुन्या सातबाऱ्यात बारा नंबरच्या भागाला शेवटी ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा रकाना असायचा. आजोबांच्या वेळचे उतारे मी पाहिलेत. बहुतेक ठिकाणी ‘खुद्द’ लिहिलेलं असे, मग वावर कोणीही करो. ई-पीक पाहणीत तो रकाना आणा. त्या हंगामात ते वावर कोण कसतं, त्याचं नाव त्यात लिहा. आणि या नोंदीनं कूळहक्क लागणार नाही, हे कायद्यात स्वच्छ लिहा, म्हणजे मालक घाबरणार नाही. मग हमीभाव, पीक विमा आणि भरपाई त्या नावानं द्या. 2016 साली नीती आयोगाच्या, टी. हक यांच्या समितीनं शेतजमीन भाड्याचा नमुना कायदा करून दिला, तोही याच भीतीवरचा उपाय आहे. त्याची प्रत तुमच्याकडे असेलच.

आणि मृत्यूच्या नोंदीत ‘मजूर’च्या जागी ‘शेतकरी’ लिहायला कोणता कागद लागतो, तेवढं कळवा. कृषी केंद्राची बिलं बाबांच्या नावाची आहेत, तीन पिशव्या भरून. चालणार असतील तर घेऊन येते. वही मात्र देता येणार नाही. या पाडव्याला आईनं दोन एकर मक्त्यानं घेतलं, आम्ही नको म्हटलं तरी. इसाराचे पैसे तिनं डाव्या पानावर लिहिलेत, वाकड्या बोटांनी, आणि वही तिच्याकडे आहे.

आपली,
एका कास्तकाराची मोठी मुलगी